फुगा आधी, चित्र नंतर: मराठी कॉमिक्समधल्या अक्षरांचं गणित

मराठीत कॉमिक काढणाऱ्या नव्या मंडळींची पानं चाळताना एक दोष हमखास दिसतो. चित्र मन लावून काढलेलं असतं, प्रकाश-सावली नीट असते, हाताची बोटंसुद्धा जमलेली असतात. आणि मग वरच्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत संवादाचा एक फुगा कोंबलेला असतो. त्यातली अक्षरं कडेला घासतात, एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, आणि वाक्य वाचायला डोळे बारीक करावे लागतात. चित्रकाराला वाटतं फॉन्ट चुकला. फॉन्ट बदलून पाहतो, तरी तेच. कारण चूक फॉन्टच्या कितीतरी आधी झालेली असते. पान आखलं तेव्हा अक्षरांना जागाच ठेवलेली नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे: देवनागरीत कॉमिक करायचं असेल तर अक्षरं आधी लिहायची, फुगे आधी बसवायचे, आणि उरलेल्या जागेत चित्र काढायचं. इंग्रजीत हा क्रम उलटा करून काही प्रमाणात निभावता येतं. देवनागरीत नाही.

याचं कारण लिपीच्या बांधणीत आहे. अमेरिकन कॉमिक्समध्ये संवाद परंपरेने कॅपिटल अक्षरांत लिहितात. कॅपिटल अक्षरांना ना वर काही निघतं ना खाली काही लोंबतं. त्यामुळे दोन ओळी जवळजवळ चिकटवून मांडता येतात. आपल्याकडे प्रत्येक ओळीला तीन मजले: शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मधे अक्षराचा देह, खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं. ‘र्कीं’सारखी गर्दी वरच्या मजल्यावर झाली आणि तिच्या नेमकी वर ‘द्धू’ आली की टक्कर ठरलेली. म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या निदान १.४ पट ठेवावं लागतं. १० पॉइंटचं अक्षर असेल तर १४ पॉइंटची ओळ. १२ पॉइंटवर आणलंत तर बहुतेक ओळी निभावतात, पण एखाद्या फुग्यात नेमकी टक्कर होतेच, आणि मग तो एकच फुगा वेगळा करावा लागतो. पानभर एकच अंतर असलं पाहिजे, नाहीतर डोळ्याला ते लगेच खुपतं.

आता हे पानावर मोजून पाहू. समजा छापील पान १७ × २४ सेंमी आहे. चारी बाजूंना १ सेंमी समास सोडला की चित्रासाठी १५ × २२ सेंमी उरतात. दोन उभ्या रांगा, तीन आडव्या पट्ट्या, म्हणजे सहा चौकटी. चौकटींमधली मोकळी जागा, म्हणजे गटर, ४ मिमी. एक चौकट साधारण ७३ मिमी रुंद आणि ७१ मिमी उंच निघते. १० पॉइंटची ओळ १४ पॉइंटच्या अंतराने लिहिली की एक ओळ जवळपास ५ मिमी खाते. चार ओळींचा फुगा म्हणजे २० मिमी, वर-खाली ३-३ मिमी मोकळी जागा धरली तर २६. चौकटीच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका फुग्याने घेतला. एकाखाली एक असे दोन फुगे ठेवले तर ५२ मिमी गेले, माणसांसाठी १९ मिमी उरले. यात चेहरा काढता येत नाही, केसांचा भांग तेवढा काढता येतो.

रुंदीचंही असंच. १० पॉइंटात सरासरी मराठी शब्द, मागची मोकळी जागा धरून, ८ ते ९ मिमी घेतो. ४५ मिमी रुंदीच्या फुग्यात आतली वापरायची रुंदी ३९ मिमी. म्हणजे ओळीला चार शब्द, चार ओळींत पंधरा-सोळा. यावरून येणारं काम चालवण्यापुरतं माप असं: एका फुग्यात १५ शब्द, एका चौकटीत २५, सहा चौकटींच्या पानावर सगळे मिळून १०० ते १२०. संहिता लिहिणाऱ्याने हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत. नऊ चौकटींचं पान असेल तर चौकटीची रुंदी ४७ मिमीवर येते, आणि तिथे फुग्यात ओळीला तीनच शब्द बसतात. एखादा ‘स्वयंपाकघरातल्या’ आला की ती ओळ त्याच्या एकट्याच्या नावावर.

इंग्रजीत लांब शब्द संयोगचिन्ह देऊन तोडतात. मराठी फुग्यात हे करू नये. शिरोरेषा ओळीच्या शेवटी तुटते, पुढच्या ओळीची सुरुवात ‘ातल्या’सारखी लटकते, आणि वाचणारा अडखळतो. शब्द तोडण्यापेक्षा वाक्य बदला. तेही जमत नसेल तर चौकट रुंद करा.

आधी अक्षरं लिहून मग चित्र काढणं हा काही नवा शोध नाही. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ईसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेत संपादक-लेखक अल फेल्डस्टीन कथा थेट चित्राच्या बोर्डावरच लिहीत असे. मग लिरॉय नावाच्या, इंजिनिअरिंग ड्रॉइंगसाठी वापरल्या जाणाऱ्या साच्याच्या साधनाने ती अक्षरं गिरवली जात, आणि चौकटी व मजकूर तयार असलेला बोर्ड चित्रकाराच्या हाती पडे. चित्रकाराने राहिलेल्या जागेत काढायचं. याचा तोटा उघड आहे. ईसीची बरीच पानं शब्दांनी भरलेली दिसतात, आणि जे चित्रात दिसतंय तेच वरच्या निवेदनाच्या पट्टीत सांगितलेलं असतं. म्हणजे अक्षरं आधी लिहून काम झालं असं नव्हे. लिहिणारा चित्राचा विचार करून लिहितोय का, हा खरा प्रश्न.

त्याच कारखान्यात याचं उत्तरही सापडतं. चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टीनला ‘मास्टर रेस’ ही फेल्डस्टीनची सहा पानांची कथा मिळाली. ती १९५५ साली ईसीच्याच ‘इम्पॅक्ट’च्या पहिल्या अंकात आली. एका छळछावणीचा जुना कमांडंट न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलाय आणि डब्यात चढलेला एक माणूस त्याला ओळखीचा वाटतो, एवढीच गोष्ट. क्रिगस्टीनने जास्त पानं मागितली, आठ मिळाली. मग त्याने लेटरिंग झालेले, म्हणजे अक्षरं लिहून झालेले, तुकडे कापले आणि नव्या, अरुंद चौकटींत पसरून चिकटवले. शब्द फारसे बदलले नाहीत, पण एका वाक्यासाठी जिथे एक चौकट होती तिथे चार झाल्या. शेवटच्या पानावर माणूस रुळांवर पडतानाचा क्षण पातळ पट्ट्यांत चिरला जातो, धावत्या गाडीच्या खिडक्यांमधले चेहरे एकमेकांवर चढलेले दिसतात. तिथे मजकूर जवळजवळ नाहीच. शब्द आधी लिहिलेले होते म्हणूनच ते किती जागा खातात हे त्याला दिसलं, आणि कुठे त्यांना हात लावायचा नाही हेही ठरवता आलं. कॉमिक्समध्ये वेळ कशी लांबवायची याचा धडा म्हणून ही आठ पानं आजही वापरतात. माझ्या मते लेटरिंगचा धडा म्हणूनही वापरायला हव्यात.

याच्या उलट टोकाला १९६० च्या दशकातली मार्व्हलची पद्धत. लेखक स्टॅन ली कथेचा सांगाडा सांगे, चित्रकार जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिट्को पानं पेन्सिलीत काढून आणत, आणि मग ली त्यांवर संवाद लिही. चित्र आधी, शब्द नंतर. तरीही ते निभावलं, याची दोन कारणं. एक म्हणजे शाई फिरवण्याआधी लेटरिंग होत असे, त्यामुळे फुग्याखाली गेलेल्या भागावर शाई वाया जात नसे आणि चौकटीत थोडी हलवाहलव शक्य असे. दुसरं म्हणजे कॅपिटल अक्षरं. त्याच जागेत मराठी संवाद घालायला गेलं की तीन ओळींच्या जागी दोनच बसतात.

आपल्याकडे हा अनुभव एका वेगळ्या वाटेने आलेला आहे. १९६७ मध्ये अनंत पै यांनी मुंबईतून अमर चित्र कथा सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी तिचा चेहरा घडवला. पण बहुतेक अंकांची मूळ संहिता इंग्रजी, आणि फुगे इंग्रजी मजकुराच्या मापाचे. त्याच फुग्यांत मग इतर भाषांचा मजकूर बसवायचा. मराठी किंवा हिंदी आवृत्ती हातात घेऊन पाहा: काही फुग्यांत अक्षरं दाटीने उभी, काहींत भरपूर पांढरी जागा. अनुवादकाने वाक्य आखूड केलं म्हणून ते बसलं, हेही कळतं. चित्रकार आपले, हात आपला, पण मापाची पट्टी दुसऱ्या लिपीची. आज मराठीत नव्याने कॉमिक करणाऱ्याला ही अडचण असायचं काही कारण नाही, तरी तो तीच अडचण हौसेने ओढवून घेतो.

शब्द कापणं

पानावर १२० शब्द म्हणजे फार नव्हे. पण मराठी इथे मोठी मदत करते. क्रियापदातच बोलणारा कोण, एक की अनेक, बाई की पुरुष हे बहुतेक वेळा आलेलं असतं. शिवाय बोलणारा माणूस चौकटीत दिसतोच आहे. त्यामुळे ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’ बिनधास्त उडवता येतात. ‘मी उद्या सकाळी लवकर निघणार आहे’ याचं ‘उद्या पहाटेच निघतोय’ करा: सहा शब्दांचे तीन झाले आणि माणूस बोलल्यासारखा वाटायला लागला. ‘तुला काय म्हणायचं आहे ते मला समजलं नाही’ याऐवजी ‘म्हणजे?’ पुरतं. भुवया चित्राने उचलायच्या.

‘आहे’, ‘होता’, ‘असे’ या शेपट्या संवादात दर दुसऱ्या वाक्याला लागतात. त्या निम्म्या कापता येतात. संबोधनं मात्र सांभाळून कापा. ‘अहो’, ‘अगं’, ‘काय रे’, ‘साहेब’, ‘बाई’, ‘मावशी’ हा एक शब्द दोन पात्रांमधलं नातं सांगून जातो, आणि ते सांगायला नाहीतर अख्खी चौकट खर्च करावी लागते.

मग निवेदनाच्या चौकोनी पट्ट्या. ‘राजा घोड्यावर स्वार झाला’ असं लिहून खाली राजा घोड्यावर चढताना काढणं ही ऐतिहासिक-पौराणिक चित्रकथांमधून आलेली सवय आहे. ती मुलांच्या वाचनाची सोय म्हणून चालवून घेतली गेली, पण तिने आपल्या डोळ्यांना आळशी केलं. पट्टीत ते लिहा जे चित्रात दाखवता येत नाही: वेळ, ठिकाण, मधे गेलेली वर्षं, किंवा चित्राला छेद देणारा विचार. शि. द. फडणीसांची शब्दाविना हसवणारी चित्रं मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाहिली गेली आहेत. चित्र एकटं किती सांगू शकतं हे मराठी वाचकाला शिकवायची गरज नाही. गरज आहे ती लेखकाने त्याच्यावर भरवसा ठेवायची.

फुगा कुठे, शेपटी कुठे

आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. त्यामुळे जो आधी बोलणार तो शक्यतो डावीकडे उभा करा. हे थंबनेल, म्हणजे पानाचं छोटं कच्चं रेखाटन, काढतानाच ठरवायला हवं, कारण पेन्सिल झाल्यावर माणसांची अदलाबदल होत नाही. कथेच्या गरजेने आधी बोलणारा उजवीकडे असेल तर त्याचा फुगा वर, चौकटीच्या माथ्याला चिकटून ठेवा आणि डावीकडच्याचा स्पष्टपणे खाली. ‘स्पष्टपणे’ म्हणजे निदान एक पूर्ण ओळ खाली. अर्ध्या ओळीच्या फरकाने वाचक डावा फुगाच आधी वाचतो आणि उत्तर प्रश्नाच्या आधी येतं. दोन शेपट्या एकमेकींना छेदल्या की समजावं, माणसं चुकीच्या बाजूला उभी आहेत.

प्रत्येक चौकटीचा वरचा एक तृतीयांश भाग पेन्सिलीत रिकामा सोडायची सवय लावा. तिथे आकाश, भिंत, छत, पडदा काहीही येऊ द्या, पण महत्त्वाचं काही नको. नवखे चित्रकार डोकं चौकटीच्या वरच्या रेषेला टेकवतात, कारण सिनेमाच्या फ्रेमची सवय असते. सिनेमात संवाद कानावर येतात, त्यांना पडद्यावर जागा लागत नाही.

शेपटी तोंडाच्या दिशेने जावी, तोंडात घुसू नये. फुग्यापासून तोंडापर्यंतच्या अंतराच्या अर्ध्याहून थोडं पुढे जाऊन थांबली की पुरे. फुग्याची कड आणि डोक्याची बाह्यरेषा नुसती एकमेकींना टेकली तर खोली नाहीशी होते, फुगा डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. एकतर सरळ डोक्यावर चढवा, नाहीतर २ मिमी अंतर सोडा. चौकटीच्या रेषेशीही हाच नियम.

फुग्याचा आकार लंबवर्तुळच हवा असं नाही. लंबवर्तुळ इंग्रजीला बरं जातं, कारण मधल्या ओळी लांब आणि वरच्या-खालच्या आखूड अशी बर्फी तिथे सहज रचता येते. देवनागरीत शब्द लांब असल्याने वरची ओळ एका शब्दाची ठेवणं दर वेळी जमत नाही, आणि शिरोरेषेचं सरळ टोक वळणाऱ्या कडेला टोचतं. कोपरे गोलावलेला आयत देवनागरीला जास्त मानवतो. एर्जेच्या टिनटिनमधले फुगे जवळजवळ चौकोनी आहेत आणि कधी अडचणीचे वाटत नाहीत. वरची मोकळी जागा मोजताना शिरोरेषेपासून नव्हे, वेलांटीच्या टोकापासून मोजा. शिरोरेषेपासून मोजलं की मजकूर फुग्यात वर सरकल्यासारखा दिसतो. पहिल्या ओळीत वर काहीच नसेल तर थोडं नजरेने खाली घ्या, तिथे पट्टी बाजूला ठेवावी.

हाताने लिहायचं तर

छापील आकाराच्या दीडपट मोठं काढायचं ठरलं तर वरच्या मापाचं चित्रक्षेत्र २२.५ × ३३ सेंमी होतं, म्हणजे ए-३ कागदावर आरामात बसतं. ओळीचं अंतर ७.५ मिमी होतं. यातले साडेतीन मिमी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायथ्यापर्यंत, आणि चार मिमी पायथ्यापासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत. फिकट निळ्या पेन्सिलीने या दोनच रेषा आखा. तिसरी, वेलांटीच्या उंचीची रेषा आखली की अक्षरं वहीतल्या शुद्धलेखनासारखी ताठ होतात. ०.५ चं पिगमेंट पेन छापून ०.३३ मिमीच्या आसपास येतं, ते पुरेसं आहे. ०.३ चं पेन कागदावर नाजूक दिसतं आणि छपाईत अशक्त.

शिरोरेषा शब्द लिहून झाल्यावर एका दमात ओढा. अक्षरागणिक ओढली की सांधे दिसतात. ‘ख’ जोडूनच काढा, नाहीतर ‘रव’ वाचला जातो. ‘घ’-‘ध’, ‘भ’-‘म’, ‘थ’-‘य’ या जोड्यांमधला फरक एका छोट्या फटीचा किंवा गाठीचा असतो. लहान करून छापताना पहिली बुजते ती हीच फट. म्हणून ती मुद्दाम थोडी जास्त उघडी ठेवा.

आर्ट स्पीगलमनने ‘माउस’ हे कॉमिक छापील आकारातच, साध्या कागदावर फाउंटन पेनने काढलं. त्यामुळे त्यातल्या अक्षरांची आणि चित्रातल्या रेषांची जाडी एकाच हाताची वाटते, डायरी वाचल्यासारखं वाटतं. असा परिणाम हवा असेल तर दीडपट काढू नका. पण मग ५ मिमीच्या ओळीत देवनागरी लिहायचा हात हवा, आणि तो रोज पानभर लिहून तयार करावा लागतो.

फॉन्ट वापरायचा तर

फुकट आणि मुक्त परवान्याच्या फॉन्टांपैकी ‘कलम’ हाताच्या अक्षरासारखा आहे आणि त्याला तीन वजनं आहेत. ‘बलू’ गोलसर, मुलांच्या कॉमिकला चालतो. ‘मुक्ता’ कोरडा आहे, पण लहान आकारात सर्वांत स्वच्छ वाचता येतो, म्हणून निवेदनाच्या पट्ट्यांसाठी बरा. ‘धाड्!’सारख्या आवाजांसाठी ‘मोदक’ किंवा ‘यात्रा वन’. फॉन्ट निवडण्याआधी चार शब्द टाइप करून पाहा: ‘दुसऱ्या’, ‘ॲसिड’, ‘कॉफी’, ‘शाळेतल्या’. ‘ऱ्या’ नीट जुळत नसेल तर फॉन्ट फेकून द्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये हिंदी नाही, मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात.

अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी किंवा साउथ एशियन मांडणीचा पर्याय चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. इंकस्केपमध्ये हा त्रास नाही. संहिता युनिकोडमध्येच ठेवा. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर बदलून घेतलात तर रफार आणि अर्धी अक्षरं एकेक करून तपासा. बदलताना चुका तिथेच होतात.

इंग्रजी लेटरिंगच्या तीन सवयी इथे आणू नका. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, म्हणून ट्रॅकिंग शून्य. मजकूर बसत नाही म्हणून अक्षर आडवं दाबलं की उभे दंड बारीक आणि शिरोरेषा जाड राहते, आणि तो फुगा पानात वेगळा उठून दिसतो. आणि तिरपी अक्षरं: अमेरिकन कॉमिक्समध्ये जोर द्यायला ठळक-तिरपं करतात. देवनागरी तिरपी केली की सगळे काने पडल्यासारखे वाटतात. जोर द्यायचा तर फॉन्टचं खरं ठळक वजन वापरा, सॉफ्टवेअरने फुगवलेलं नको, त्यात ‘ध’ची गाठ भरून जाते. नाहीतर शब्द जागा बदलून पुढे आणा. मराठीत वाक्यक्रम लवचिक आहे. ओरडणं लांबवायचं तर अवग्रह आहेच: ‘थांऽऽब!’

आवाज

चित्रातल्या आवाजासाठी आवाजच लिहा, क्रियाविशेषण नको. ‘धाडकन’ हे आपण गोष्ट सांगताना म्हणतो; दार आपटल्यावर चौकटीत ‘धाड्!’ दिसायला हवं. मराठीकडे खजिना आहे: चर्रर्र, फुस्स, डुबुक, खळ्ळ, सुंऽऽऽ. उभ्या मांडणीत अक्षर पूर्ण धरून खाली उतरा. ‘चि’मधली वेलांटी एका ओळीत आणि ‘च’ दुसऱ्या ओळीत असं होता कामा नये. इथे शिरोरेषा सोडून द्यायची, वाकवायची, तडकवायची मोकळीक आहे. काच फुटताना शिरोरेषेलाच तडा द्या.

आवाजाच्या अक्षरांना पांढरी कड लावताना एक गंमत होते. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, आणि कड लावली की तो सांधा आडव्या रेषेत चिरा पाडल्यासारखा दिसतो. आधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचे टाइपऐवजी नुसते आकार करा, मग ते वेल्ड करून, म्हणजे जोडून, एकसंध आकार बनवा, आणि त्यानंतर कड लावा. शुद्धलेखन तपासून झालेलं असू द्या, कारण वेल्ड केलेल्या शब्दात अनुस्वार घालायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

फुग्याच्या आकारातूनही आवाज सांगता येतो, आणि हे करणारं सर्वांत शिस्तीचं उदाहरण म्हणजे ‘वॉचमेन’ (१९८६-८७) हे सुपरहिरोंचं कॉमिक. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी त्यात विचाराचे ढगाळ फुगे आणि आवाजाची अक्षरं दोन्ही टाळली. गिबन्सने लेटरिंग स्वतः केलं. त्यातल्या डॉ. मॅनहॅटन या पात्राचा फुगा निळा आहे. रोरशाखचा फुगा वेडावाकडा, चुरगळलेल्या कडेचा. पण त्याच्या आधीच्या आयुष्यातल्या प्रसंगांत तोच माणूस साध्या, गुळगुळीत फुग्यातून बोलतो. माणूस कुठे मोडला हे कडेवरून कळतं. मराठीत हे अजून फारसं कुणी वापरलेलं नाही. आपण गावाकडचा माणूस दाखवायला त्याच्या तोंडी बोलीची चार ठरावीक रूपं घालतो आणि थांबतो.

छपाई आणि मोबाइल

फुग्यातला मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के के (चार रंगांतला काळा). चारही रंग मिसळून केलेला काळा वापरला आणि एखाद्या रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली की प्रत्येक वेलांटीला गुलाबी-निळी सावली येते. काळ्या प्लेटवर मजकूर असण्याचा आणखी एक फायदा: दुसऱ्या भाषेत आवृत्ती काढायची झाली तर तेवढी एकच प्लेट बदलावी लागते. रंगीत चित्रावर पांढरी अक्षरं कोरलीत तर चारही प्लेटा नव्याने कराव्या लागतात. शाईचं चित्र ६०० डीपीआयला स्कॅन करा, पण मजकूर चित्रात मिसळू नका, तो व्हेक्टरच, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या आकारातच, राहू द्या.

मोबाइलवर उभं स्क्रोल होणारं कॉमिक असेल तर ८०० पिक्सेल रुंदीचा कॅनव्हास धरतात. फोनच्या पडद्यावर ते साधारण ६८ मिमी दिसतं. छापील १० पॉइंटएवढं वाचता यायला फॉन्ट ४० पिक्सेलचा आणि ओळ ५६ पिक्सेलची लागते. फुग्याची आतली रुंदी ४०० पिक्सेलच्या पुढे नेऊ नका. इन्स्टाग्रामच्या १०८० × १३५० च्या चौकटीत हेच माप ५४ पिक्सेल होतं. अनेकजण छापील पान जसंच्या तसं फोनवर टाकतात. १७ सेंमीचं पान ६८ मिमीत आलं की १० पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं होतं.

छापखान्याकडे पाठवण्याआधी एक पान साध्या लेझर प्रिंटरवर खऱ्या आकारात काढा, ‘फिट टू पेज’ बंद ठेवून. हातभर अंतरावरून, ट्यूबलाइटखाली, ज्याने गोष्ट वाचलेली नाही त्याला मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसत नसतील तर अक्षर अर्ध्या पॉइंटने वाढवावं लागेल, तसं केलं की फुगा वाढेल, आणि फुगा वाढला की चौकटीतल्या कुणाचं तरी डोकं खाली सरकवावं लागेल.